संगणक मंदावतो म्हणजे नेमके काय होते?

वसई रोड, नालासोपारा किंवा विरार स्थानकाबाहेरच्या कोणत्याही संगणक-दुरुस्तीच्या गाळ्यासमोर थोडा वेळ उभे राहिले, तर येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या तोंडून 'मशीन स्लो झालंय' ही तक्रार हमखास कानी पडते. थोरल्या मुलीच्या एमएस-सीआयटीसाठी पैसे साठवून घेतलेला, पुढे धाकट्याचे दहावी-बारावीचे प्रकल्प, वडिलांचे विम्याचे कागद आणि गृहनिर्माण संस्थेचे हिशेब यांचा भार निमूटपणे वाहिलेला तो संगणक एके काळी मिनिटभरात सुरू होत असे. आज तोच संगणक कळ दाबल्यानंतर पाच-सात मिनिटे नुसता घरघरत राहतो, आणि एखादे पत्र उघडावयाचे म्हटले तरी माणसाचा जीव मेटाकुटीस येतो. कळफलक तोच, पडदा तोच, आतील चिपाही त्याच. एकही भाग मोडलेला नाही. मग वेग गेला कोठे?

'जुना झाला, दुसरे काय!' हे या प्रश्नाचे लोकव्यवहारातील उत्तर होय. हे उत्तर अपुरे आहे आणि त्यातून निघणारा निर्णय पुष्कळदा चुकीचा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण ज्या यंत्राला अजून पाच-सात वर्षे उपयोगी पडता येईल, त्याची किंमत या एका वाक्याने भंगाराच्या वजनावर ठरते. म्हणून मंदपणाचे मूळ कोठे असते, आणि लिनक्सच्या 'हलक्या' प्रणाली त्यावर कोणता इलाज करतात, हे क्रमाने पाहू.

झीज कोठे होते, कोठे होत नाही

संगणकाचा गणिती भाग, म्हणजे प्रोसेसर, हा ठराविक ठेक्यावर चालतो. हा ठेका क्वार्ट्झच्या स्फटिकाच्या कंपनावरून ठरतो, आणि २००८ साली सेकंदाला दोन अब्ज ठोके देणारी चिप आजही दोन अब्जच ठोके देते. तिच्यात हलणारा, घासणारा असा भाग नाही. वयोमानाने ती बंद पडू शकेल, परंतु वर्षागणिक थोडी थोडी सावकाश होत जाणार नाही.

झिजणारे भाग निराळे आहेत. फिरत्या हार्ड डिस्कची यांत्रिक अंगे, पंख्याची बेअरिंगे, विद्युतप्रवाह स्थिर राखणारी कपॅसिटरे, आणि प्रोसेसर व त्याला थंड करणारा धातूचा ठोकळा यांच्यामधला उष्णतावाहक लेप हे कालांतराने खराब होतात. लेप वाळला आणि पंख्यात धुळीचा थर बसला की प्रोसेसर तापतो. तापलेला प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ आपला ठेका आपणच कमी करतो, आणि तेवढ्यापुरता तो खरोखरच मंद होतो. आमच्या किनाऱ्यालगतच्या दमट, खारट हवेत रॅमच्या पट्टीच्या सोनेरी टोकांवर पातळ मळ धरतो, तो पेन्सिलीच्या रबराने हलक्या हाताने पुसला की 'मेलेला' संगणक पुन्हा उठून बसतो, हे येथील प्रत्येक दुरुस्तीवाला जाणतो. परंतु ही सारी साफसफाई करूनही बहुसंख्य जुने संगणक मंदच राहतात. खरे कारण आणखी आत आहे.

कचेरीतील मेज आणि दफ्तरखाना

तालुक्याची एखादी जुनी कचेरी डोळ्यांपुढे आणावी. मेजाशी बसलेला कारकून अत्यंत चपळ आहे. समोर कागद आला की क्षणात शेरा मारून मोकळा होतो. हा कारकून म्हणजे प्रोसेसर. त्याच्या पुढ्यातील मेज म्हणजे रॅम, अर्थात् चालू कामाचे कागद पसरण्याची जागा. आणि इमारतीच्या मागच्या बाजूस असलेला, रुमालांत बांधलेल्या दप्तरांनी भरलेला दफ्तरखाना म्हणजे हार्ड डिस्क. मेजावरचा कागद उचलावयास वेळ लागत नाही. दफ्तरखान्यातील कागद हवा असेल तर शिपायाला धाडावे लागते, आणि तो परत येईपर्यंत कारकून, कितीही हुशार असला तरी, हात बांधून बसून राहतो.

या दोन अंतरांतील तफावत किती प्रचंड आहे, हे आकड्यांनीच कळेल. रॅममधील मजकूर सुमारे १०० नॅनोसेकंदांत हाती येतो. उलट मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात; वाचणारे टोक योग्य वर्तुळावर नेणे आणि हवा तो भाग टोकाखाली येण्याची वाट पाहणे, असे मिळून एका शोधास साधारणतः १२ मिलिसेकंद खर्ची पडतात. म्हणजे मेजावरचा कागद एका सेकंदात मिळत असेल, तर त्याच मापाने दफ्तरखान्यातला कागद यावयास जवळजवळ दीड दिवस लागेल.

आता मेज भरले असे समजा. नवा कागद ठेवावयास जागा नाही, म्हणून कारकून एक दप्तर दफ्तरखान्यात परत धाडतो आणि रिकाम्या जागी दुसरे मागवतो. ते येते न येते तोच परत पाठविलेल्या दप्तराची गरज पडते. संगणकात या अदलाबदलीला स्वॅप म्हणतात. ही अदलाबदल अधूनमधून झाली तर कळतही नाही, परंतु ती सतत होऊ लागली की सर्व वेळ शिपायाच्या खेपांतच जातो आणि काम जागच्या जागी खोळंबते. आपण जिला 'घरघर' म्हणतो ती बहुधा या खेपांचीच असते. कारकून म्हातारा झालेला नसतो. मेज अपुरे पडलेले असते.

मेज अपुरे का पडले?

मेज आहे तेवढेच राहिले, दप्तरे मात्र फुगत गेली. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीची किमान मागणी ६४ एमबी रॅमची होती. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ची किमान मागणी ४ जीबीची आहे. वीस वर्षांत चौसष्टपट! या वाढीत सुरक्षिततेसाठी केलेली आवश्यक भर पुष्कळ आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु पार्श्वभूमीवर अखंड चालणाऱ्या सेवा, आपोआप उतरणारी अद्यतने, शोधसूचीची बांधणी आणि पडद्यावरील पारदर्शक सजावट यांचाही वाटा लहान नाही. संगणक सुरू केल्यावर आपण काहीही न उघडता मेजाचा मोठा भाग या मंडळींनी अडविलेला असतो.

यात अलीकडे एक प्रशासकीय अडचण येऊन मिळाली. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. काही अटींवर एका वर्षाची वाढीव मुदत मिळते, एवढेच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि, इंटेलच्या बाबतीत, साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. ही आठवी पिढी २०१७ साली बाजारात आली. म्हणजे त्यापूर्वीची बहुतेक यंत्रे, त्यांतील कित्येक उत्तम चालणारी असूनही, कंपनीच्या दप्तरी बाद ठरली. ज्या प्रणालीला सुरक्षेची डागडुजी मिळत नाही ती घेऊन इंटरनेटवर बँकेचे व्यवहार करणे शहाणपणाचे नव्हे. तेव्हा यंत्र बदला किंवा प्रणाली बदला, असा सरळ प्रश्न आज अनेक घरांपुढे उभा आहे.

लिनक्सचा गाभा आणि वरचा पसारा

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. ती ज्या ३८६ जातीच्या संगणकावर जन्मली, त्याची शक्ती आजच्या साध्या मोबाईलच्याही पासंगाला पुरणार नाही. पुढच्याच वर्षी टोरवाल्ड्सने ती जीपीएल या परवान्याखाली आणली. रिचर्ड स्टॉलमनच्या ग्नू चळवळीतून निघालेल्या या परवान्याची मुख्य अट अशी की, प्रणालीची मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी, मात्र बदललेली प्रत वाटताना तोच हक्क पुढच्यालाही द्यावा. आपल्या विषयाच्या दृष्टीने या परवान्याचे महत्त्व असाधारण आहे, कारण जी वस्तू उघडून पाहता येते तीच कापून-छाटून लहान करता येते.

लिनक्स हे नाव काटेकोरपणे फक्त गाभ्याचे, ज्याला कर्नल म्हणतात त्याचे आहे. यंत्राचे भाग आणि चालू कामे यांच्यात वेळेचे व जागेचे वाटप करणे हा त्याचा अधिकार. ध्वनी, जाळे यांना चालविणाऱ्या संहिता त्यात सुट्या तुकड्यांच्या स्वरूपात असतात, आणि यंत्रात जो भाग प्रत्यक्ष असेल त्याचाच तुकडा मेजावर आणला जातो. गाभ्यावर सेवा असतात, आणि सेवांवर आपण डोळ्यांनी पाहतो तो पडदा: खिडक्या, पट्ट्या, चित्रे. या पडद्याच्या व्यवस्थेला डेस्कटॉप म्हणतात. विंडोजमध्ये हा डेस्कटॉप प्रणालीशी एकजीव असतो. लिनक्समध्ये तो वेगळा काढून दुसरा बसविता येतो, आणि हलकेपणाचे अर्धे रहस्य यातच आहे.

ग्नोमसारखा संपन्न डेस्कटॉप सुरू होताच एक जीबीच्या आसपास रॅम व्यापतो. ऑलिव्हिए फूर्दां याने १९९६ साली सुरू केलेला एक्सएफसीई त्याहून बऱ्याच कमी जागेत भागवितो, आणि एलएक्सक्यूटी आणखी थोडी बचत करतो. अँटीएक्ससारख्या प्रणाली तर पूर्ण डेस्कटॉपच बाजूला ठेवून आईसडब्ल्यूएम नावाचा केवळ खिडक्यांची व्यवस्था पाहणारा छोटा कार्यक्रम वापरतात, आणि सारे मिळून काहीशे एमबीच्या आत काम भागते. ज्या मेजावर पूर्वी इंचभर जागा उरत नव्हती, तेथे आता कारकुनाला कोपर टेकता येते.

चौकट: यंत्र पाहून निवड

*रॅम १ जीबी किंवा कमी, प्रोसेसर ३२-बिट:* अँटीएक्स किंवा पपी लिनक्स. पत्रलेखन, हिशेब, गाणी, छपाई होईल. आधुनिक संकेतस्थळांची आशा धरू नये.

*रॅम २ जीबी, कोअर टू ड्युओ किंवा तत्सम ६४-बिट प्रोसेसर:* लुबंटू किंवा एमएक्स लिनक्सची फ्लक्सबॉक्स आवृत्ती. एका वेळी दोन-चार संकेतस्थळे चालतील.

*रॅम ४ जीबी:* लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा झुबंटू. घरगुती कामास पुरेसे, विशेषतः एसएसडी (तिच्याविषयी पुढे) बसविल्यास.

जागा वाचविण्याच्या आणखी दोन युक्त्या

ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर याने २००३ साली पपी लिनक्स तयार केले, त्यातील कल्पना मोठी सुबक आहे. सारी प्रणालीच इतकी लहान ठेवावयाची की सुरू होताना ती संपूर्ण उचलून रॅममध्ये ठेवता यावी; त्यानंतर दफ्तरखान्याकडे जाण्याचे कारणच उरत नाही. हार्ड डिस्क निकामी झालेला संगणकही यामुळे नुसत्या पेनड्राइव्हवर चालतो.

दुसरी युक्ती झेडरॅमची. मेज भरले की दप्तर दूर न धाडता ते तेथेच घट्ट दाबून, गुंडाळून कोपऱ्यात ठेवावयाचे, असे तिचे स्वरूप. दाबलेला मजकूर बहुधा निम्म्याहून कमी जागेत बसतो. दाबण्या-उलगडण्याचे श्रम प्रोसेसरला पडतात खरे, पण तो एरवी शिपायाची वाट पाहत रिकामाच बसलेला असतो.

परंतु सर्व युक्त्यांहून अधिक गुण एका लहानशा खरेदीने येतो, आणि ती खरेदी म्हणजे फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविणे होय. एसएसडीत फिरणारे काही नाही. शोध सुमारे शंभर मायक्रोसेकंदांत होतो. मघाच्या मापाने सांगावयाचे तर दीड दिवसाची खेप पाऊण तासाच्याही आत, साधारण सतरा मिनिटांत, पुरी होते. माझा आग्रह असा की, जुन्या यंत्रावर हजार-दोन हजार खर्च करण्याची तयारी असेल तर ते प्रथम एसएसडीवर, मग रॅमवर खर्च करावेत, आणि या दोन्ही गोष्टी करून पाहिल्यावाचून यंत्राला निकामी ठरवू नये.

गोव्यातील शाळा आणि कर्जतजवळचे खैरात

ही केवळ छांदिष्टांची करमणूक नव्हे, याची दोन उदाहरणे आपल्या जवळचीच आहेत. शतकाच्या आरंभीच्या वर्षांत गोव्यातील शाळांसाठी परदेशस्थ गोमंतकीयांच्या पुढाकाराने वापरलेले संगणक समुद्रमार्गे आणविण्याची योजना झाली, आणि त्या यंत्रांवर लिनक्स वापरण्यात आले. अशा ठिकाणी उपयोगी पडणारी रीत एलटीएसपी या नावाने ओळखली जाते. वर्गात एकच बरा संगणक असतो. बाकीची जुनी यंत्रे जाळ्यावरून त्याच्याशी जोडलेली असतात. विद्यार्थी जुन्या यंत्रावर कळ दाबतो, ती कळ मोठ्या संगणकाकडे जाते, काम तेथे होते, आणि तयार झालेले चित्र जुन्या पडद्यावर परत येते. जुन्या यंत्रात हार्ड डिस्क नसली तरी चालते. एका संगणकाची निगा राखली की साऱ्या वर्गाची राखली जाते. शाळेत संगणक-जाणकार शिक्षक एखादाच असतो, हे लक्षात घेता ही सोय बारीकसारीक नाही.

दुसरे उदाहरण रायगड जिल्ह्यातील. २००७ साली कर्जतजवळच्या खैरात या गावातील प्राथमिक शाळेत, निकोलस निग्रोपाँटे यांच्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या उपक्रमातील हिरवे-पांढरे संगणक मुलांच्या हाती देण्यात आले. ते यंत्र जुने नव्हते, पण मुद्दाम अल्पशक्ती ठेवलेले होते: ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, १ जीबी साठवण. त्यावर फेडोरा लिनक्स आणि मुलांसाठी खास रचलेला 'शुगर' हा डेस्कटॉप चालत असे. त्या उपक्रमाच्या शैक्षणिक फलिताविषयी जगभर मतभेद झाले; परंतु एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर लिहिणे, चित्र काढणे, संगीत जुळविणे आणि शेजारच्या यंत्राशी बोलणे शक्य आहे, ही गोष्ट तेथे निर्विवादपणे दिसली.

जेथे हलकेपणा हरतो

आता मर्यादा. त्यांत पहिली आणि सर्वांत कठोर मर्यादा ब्राउझरची. प्रणाली कितीही हलकी निवडली तरी संकेतस्थळे आपल्या हातची नाहीत. आजचे एक वृत्तपत्रीय पान आपल्याबरोबर जाहिराती, चलच्चित्रे आणि लांबलचक कार्यक्रम घेऊन येते. शिवाय एका स्थळाने दुसऱ्याची माहिती चोरू नये म्हणून ब्राउझर निरनिराळ्या स्थळांना वेगवेगळ्या बंद खोल्यांत ठेवतो, आणि प्रत्येक खोली स्वतंत्र जागा मागते. दोन जीबीच्या यंत्रावर प्रणालीने वाचविलेले सारे काही दहा टॅब उघडताच खर्च होते. जाहिराती रोखणारे पूरक (एक्स्टेन्शन) बसविणे आणि टॅब मोजकेच ठेवणे, एवढाच यावर उपाय. यूट्यूबचे चित्र अडखळते त्याचे कारण आणखी निराळे: नव्या पद्धतीने आवळलेले चलच्चित्र उलगडण्याची खास सोय जुन्या यंत्रात नसते, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर पडतो. जुन्या एच.२६४ पद्धतीची प्रत मागणारे छोटे पूरक जोडले की पुष्कळदा हा दोष जातो.

दुसरी मर्यादा ३२-बिट यंत्रांची. त्यांचा काळ खरोखरच सरत आला आहे. गूगलने ३२-बिट लिनक्ससाठी क्रोम देणे २०१६ सालीच थांबविले, मोझिलाने फायरफॉक्सच्या १४४ व्या आवृत्तीनंतर तेच केले, आणि डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीत ३२-बिट संगणकासाठी स्वतंत्र स्थापना-संच उरला नाही. खुद्द लिनक्सच्या गाभ्यानेही, ज्या ३८६ वर तो जन्मला त्याचा पाठिंबा २०१३ सालच्या ३.८ या आवृत्तीत सोडून दिला. अशी यंत्रे इंटरनेटपासून दूर ठेवून लेखन-हिशेबाच्या कामी लावावीत, हे बरे.

तिसरी अडचण धंद्याची. वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे येथील लहान कारखान्यांत टॅली या हिशेबाच्या कार्यक्रमावाचून पान हलत नाही, आणि टॅली मुळात विंडोजसाठी लिहिलेली आहे. डिजिटल स्वाक्षरीची टोकनेही लिनक्सवर कधी कधी त्रास देतात. अशा ठिकाणी हिशेबाचे एक यंत्र विंडोजवर ठेवून चलने, पत्रव्यवहार, गोदामाची नोंद यांची जुनी यंत्रे लिनक्सवर नेणे, हा मध्यम मार्ग व्यवहार्य ठरतो. मराठीपुरते बोलावयाचे तर युनिकोड लेखन आणि इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये उत्तम चालतो आणि लिबर ऑफिस मराठीत वापरता येते. मात्र जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेले दस्तऐवज आधी रूपांतरित करून घ्यावे लागतात, आणि हे काम जुनी प्रणाली पुसण्यापूर्वी करावयाचे असते.

प्रत्यक्ष कसे करावे

घाई करू नये. सर्व छायाचित्रे, कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून, त्यांतील दोन-चार उघडून पाहून, मगच पुढे जावे. निवडलेल्या प्रणालीची फाईल ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफस किंवा व्हेंटॉय या कार्यक्रमाने चढवावी आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावा. याला 'लाइव्ह' पद्धत म्हणतात. यात आतील डिस्कला हात लागत नाही, आणि वायफाय, ध्वनी, छापयंत्र चालते की नाही याची पडताळणी आधीच होते. वायफाय दिसले नाही तर त्या चिपसाठी वेगळी संहिता लागते किंवा दोन-तीनशे रुपयांचा यूएसबी ॲडॉप्टर. सारे मनाजोगे दिसले तरच स्थापना करावी. शिकावयाचे असल्यास आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे लिनक्स व लिबर ऑफिसचे पाठ मराठीत विनामूल्य उपलब्ध आहेत.

एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट येथे पुष्कळांना चकविते. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणारी बटणासारखी सेल दहा वर्षांत संपते, तारीख मागे जाते, आणि मग प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ 'प्रमाणपत्र अवैध' म्हणून उघडण्यास नकार देते; नवी प्रणाली बिघडली अशी समजूत होते. सीआर२०३२ ही सेल किरकोळ किमतीत मिळते, ती प्रथम बदलावी.

आणि ज्या यंत्राच्या मदरबोर्डवरील कपॅसिटरांची डोकी फुगली आहेत, किंवा जे लाइव्ह पद्धतीतही वारंवार मध्येच गोठते, त्यावर श्रम घालू नयेत. त्यातील चांगली रॅमची पट्टी आणि एसएसडी काढून दुसऱ्या यंत्रास वापरावी. जुन्या हार्ड डिस्कवर आधार, पॅन, पासबुकाच्या प्रती पडून असतात, म्हणून ती संपूर्ण पुसून किंवा फोडून टाकावी. आणि उरलेला सांगाडा, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे, दारावरच्या भंगारवाल्याऐवजी नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याच्या स्वाधीन करावा, कारण उघड्यावर तारा जाळून तांबे काढताना निघणारा धूर वस्तीतल्याच माणसांच्या छातीत जातो.